बायनाबाईची डावी लाथ

तर काल मधेच चहा आला आणि आपला ग्रामसेवक तसाच पालथा राहिला. हां, तिथंच होतो आपण. नवा बदलून आलेला ग्रामसेवक, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बायनाबाईच्या अंगणात पोत्यावर पालथा पडलेला, आणि बायनाबाई डाव्या पायातली चप्पल काढून, पदर खोचून त्याच्या उशाला उभी. मोटारसायकलवरून उतरताना गड्याच्या कंबरेत चमक भरली होती. वाकता येईना, सरळ होता येईना. पंचायतीच्या शिपायानं त्याला सांगितलं, साहेब, गोळी मागून खा, आधी बायनाबाईची लाथ खा. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही आमच्या गावची शिवी असावी.

आता आमच्या भागातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या नातवंडांसाठी सांगतो. जे लेकरू डोक्याकडून न येता पायाकडून जन्माला येतं, त्याला आपल्याकडं पायाळू म्हणतात. आणि पायाळू माणसानं धरलेल्या कंबरेला डाव्या पायानं लाथ मारली की कंबर मोकळी होते, असा समज आहे. खरं का खोटं ते मला विचारू नका. मी लाथ खाल्लेली आहे आणि नंतर चालत घरी आलेलो आहे, एवढंच सांगतो.

तर बायनाबाईनं विचारलं, "साहेब, मारू का?" विचारल्याशिवाय ती कधीच मारत नाही. ग्रामसेवक पोत्यात तोंड खुपसून म्हणाला, "हळू मारा." आणि मारली की हो. लाथ कसली, टाचेचा नुसता एक हिसका. गडी उठला. इकडं वळला, तिकडं वळला, खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधली, आणि मग भरल्या डोळ्यांनी बायनाबाईच्या पाया पडायला लागला. बायनाबाई पाय मागं घेत म्हणाली, "त्याच्या नका पडू साहेब, त्यानंच आत्ता तुमाला मारलंय. उजव्याच्या पडा."

हसून हसून आमच्याच कंबरा धरायची वेळ आली.

पण लाथ ही बायनाबाईची वरची कला. तिचं खरं काम सुईणीचं. आमचं गाव चुडावा स्टेशनापासून आत, कॅनॉलच्या कडेला. एका जमान्यात इथल्या बाईला कळा सुरू झाल्या की दोनच गोष्टी व्हायच्या, पाणी तापायचं आणि बायनाबाई यायची. अंगानं काटकुळी, उंची बेताची, पण चालायला लागली की मागच्याला पळावं लागतं. आज गावात जे मिशा पिळत फिरतात ते निम्मे तिच्या हातावर आलेले. त्यामुळं तिच्यापुढं कुणाची शेखी चालत नाही. आमचे माजी सरपंच एकदा पारावर लय जोरात भाषण ठोकत होते, तर ही पाण्याची घागर घेऊन जाता जाता थांबली आणि म्हणाली, "जल्मला तवा रडंना म्हणून उलटा धरून थापटला होता ह्याला. तवा रडला असता तर आज एवढा बोंबलला नसता." भाषण तिथंच संपलं. माझी दोन्ही पोरं तिच्याच हातची, म्हणून मीही तिच्याशी जपूनच बोलतो.

आता एवढी बाळंतपणं केलेल्या बाईचा एक नियम होता. तो साऱ्या गावाला पाठ. "डोकं दिसलं तर मी. पाय दिसला तर गाडी." म्हणजे लेकरू सुलट असेल तर ती हात लावणार. उलट आहे असा नुसता संशय आला, तरी ती घरधन्याला बैल जुंपायला लावायची आणि पूर्ण्याच्या दवाखान्याकडं गाडी हाणायला लावायची. बाकीच्या सुइणी म्हणायच्या, आम्ही पायाकडून काढतो की. ही म्हणायची, काढा तुमी.

त्याचं कारण तिच्या स्वतःच्या जन्मात होतं. ती पायाळू आली खरी, पण तिला आणताना तिची आई गेली. हात लावणारी सुईण म्हणजे तिची सख्खी आत्या. त्याच आत्यानं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं, तिनंच तिला हे काम शिकवलं, आणि पहिला धडा कुठला दिला तर हाच, की पाय दिसला तर आपले हात मागं. बायनाबाई लहान असताना ज्याची कंबर धरायची तो तिला कडेवर उचलून घरी न्यायचा, तिचा इवलासा पाय आपल्या पाठीवर टेकवायचा आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गाव म्हणायचं, काय नशिबाची पोरगी. ती मला एकदा म्हणाली होती, समज आल्यापासून तिला गूळ गोड लागत नाही. आजही ती चहा बिनसाखरेचा पिते. लोकांना वाटतं, शुगर आहे.

आता घरी बाळंतपणं होत नाहीत. एकशेआठची गाडी येते, दवाखाने आहेत, आणि आमच्या उपकेंद्रात सत्यशीला सिस्टर आहेत. लोक म्हणतात, बायनाबाईचा धंदा बसला. अहो, ती तर अशी खूश झाली, जणू डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरून घेतला. सिस्टर आल्या त्या पहिल्याच आठवड्यात ती जाऊन त्यांना म्हणाली, बाई, तुमी तपासा, मी हिंडून बाया गोळा करते. तेव्हापासून दोघींची जोडी. सिस्टर स्कूटीवर पुढं, बायनाबाई मागं पिशवी घेऊन, असं त्यांचं वाड्या-वस्त्यांवर फिरणं. कोण पोटुशी आहे, कोण गोळ्या कोंबड्यांना टाकते, कुणाच्या पायावर सूज आहे, सगळं बायनाबाई आधी हुडकणार आणि सिस्टर तपासणार. सिस्टरनी तपासलेलं ही कधी मोडत नाही आणि हिनं पाहिलेलं सिस्टर कधी टाळत नाहीत.

फक्त लाथेवरून दोघींचं वाजतं. सिस्टर महिलांच्या मीटिंगमध्ये सांगणार की ही अंधश्रद्धा आहे, आणि बायनाबाई पहिल्या रांगेत बसून मान हलवणार, "आसंल बाई." आणि एक दिवस काय झालं माहीत आहे का? आमच्या रस्त्यावर स्कूटी आपटून आपटून सिस्टरचीच कंबर धरली. दोन दिवस मलम चोळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्ली सामसूम बघून सिस्टर बायनाबाईच्या घरात शिरल्या आणि दार आतून लावलं. बाहेर आल्या त्या ताठ चालत. मी समोरच ओट्यावर होतो. मला म्हणाल्या, "काका, मी प्रेशर तपासायला गेले होते." मी म्हणालो, बराबर आहे, बायनाबाईच्या पायाचं प्रेशर चांगलंच आहे.

आता खरी गोष्ट सांगायलोय ती ऐका.

नर्मदाबाई म्हणजे माझी थोरली भावजय. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिची नात प्रियांका मानवतला दिलेली. जावई बालाजी तिथं जिनिंगवर कामाला. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे आमच्याकडं. पोरीची आई दैवशाला तिला घेऊन सोनोग्राफीला गेली, आणि तिथं निघालं की लेकरू पोटात उभं आहे, पाय खाली. सिस्टरनी घरी येऊन नीट समजावून सांगितलं. फिरलं तर फिरेल, नाही फिरलं तर पहिलटकरीण आहे, धोका घ्यायचा नाही, दिवस भरायच्या आधीच नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं.

एवढ्या सगळ्या सांगण्यातला एकच शब्द वहिनीच्या कानात गेला. पायाळू.

काय सांगू तुम्हाला, वहिनीचा आनंद. बायनाबाई आता थकायला लागली, तिच्यामागं गावच्या कंबरांना वाली कोण, ही चिंता गावाला होतीच. आणि आता पायाळू येणार ते आपल्याच घरात. वहिनीनं वाटीत साखर घेतली आणि घरोघर सांगत सुटली. आश्रुबाचं किराणा दुकान आहे, पोती उचलून त्याची कंबर कायम धरलेली. त्यानं पहिल्या लाथेचा नंबर लावून टाकला. दत्तराव आमच्यातले मोठे बागायतदार, कॅनॉलच्या दोन्ही अंगाला त्यांचा ऊस. ते म्हणाले, मी लेकराच्या डाव्या पायात चांदीचा वाळा घालतो. एकट्या डाव्याच पायात. पोटातलं लेकरू अजून पोटात, आणि गावानं त्याच्या टाचेची वाटणी करून घेतली. मीही हसत होतो. मजाच वाटत होती.

पण नांदेडला न्यायचा दिवस आला आणि वहिनी अडून बसली. आज अमावस्या, उद्या शनिवार, परवा गाडी न्हाई. खरं कारण तिनं दैवशालाला चुलीपुढं सांगितलं. तिकडं पोट चिरून काढतील. चिरून काढलेलं पायाळू कसलं? बायनाबाई घरी हाय, तिच्या हातानं होऊ द्या.

बायनाबाईला हे कळलं. ती रोज यायची, दारात बसायची, समजावायची, आणि वहिनी रोज तिला चहा पाजून परत पाठवायची. शेवटी एक दिवस ती दारात न बसता थेट आत आली. मी तिथंच होतो. ती उभ्या उभ्या म्हणाली, "अक्का, मी बी पायाळूच हाय. कसं असतंय ते माझ्या आईला इचारा."

वहिनी म्हणाली, "आता तुझी आई कुठाय इचारायला?"

म्हणाली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाली, बरं, उद्या जाऊ. पण तोंडानं जाऊ म्हणाली तरी मनातून पायाळू काही निघालं नव्हतं. कपडे भरताना ती दैवशालाला सांगत होती की डॉक्टरला म्हणावं, कापायची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी गाडी यायच्या आधीच, जेवणं चालू असताना, प्रियांकाचं पाणी गेलं. पोरगी ताटावरून उठली ती भिंत धरूनच उभी राहिली. दैवशालानं हाक मारायच्या आत बायनाबाई अंगणात. मला वाटतं, ती त्या दिवशी आमच्या दाराकडंच तोंड करून बसली असावी. तिनं पोटाला हातसुद्धा लावला नाही. पोरीला डाव्या कुशीवर निजवलं, कंबरेखाली वाकळ दुमडून घातली आणि सिस्टरला फोन लावला. सिस्टरनी एकशेआठ बोलावली आणि सांगितलं, नाळ खाली सरकायला नको, कंबर वरच ठेवा, उठू देऊ नका, चालवू नका, जोर करू देऊ नका, मी गाडीतच येते.

गाडी आली. वेळेवर आली. पण आली कुठं, तर कॅनॉलच्या पलीकडं. अलीकडं, रस्ता जिथं अगदी अरुंद होतो तिथं, उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक निखळलं होतं आणि भरलेली ट्रॉली रस्त्यावर आडवी. इकडं ऊस, तिकडं ऊस. मोटारसायकलसुद्धा निघेना.

आश्रुबा पळत पळत हे सांगायला आला तेव्हा वहिनीच्या डोळ्यांत काय चमकलं ते मी पाहिलं. तिला वाटलं, देवानंच गाडी अडवली. ती बायनाबाईकडं वळली. तिनं तोंड उघडायच्या आत बायनाबाईनं अंगणातली बाज ओढली, तीवर गादी टाकली आणि भरल्या गल्लीत जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मी जन्मात तसा ऐकला नव्हता. "ज्यांनी ज्यांनी माझी लाथ खाल्लीय त्यांनी इकडं या. कंबरा मी नीट केल्यात, आता बाज उचला. ज्यांनी खाल्ली न्हाई त्यांनी बी या, त्यांना मागून मारते."

अहो, काय माणसं धावली! दत्तराव आले, आश्रुबा आला, सरपंच आले. ग्रामसेवक पंचायतीतून पळत आला, तोच इस्त्रीचा शर्ट. बायनाबाईनं माणसं अशी लावली, जशी आम्ही बैलजोडी लावतो. उंच ते पायथ्याला, बुटके उशाला, म्हणजे पोरीची कंबर वर राहील. दत्तराव ताडासारखे, ते पायथ्याला. आश्रुबा उशाला. माझं वय बघून मला प्रियांकाची पिशवी दिली. पण पिशवी घेऊन मी असा चाललो की विचारू नका.

ट्रॉलीपाशी आलो आणि सगळे थांबले. पुढं भिंतीसारखा ऊस. ऊसतोडीची टोळी तिथंच होती, जिंतूरकडची माणसं, कडेला बसून भाकरी खात होती. त्यांच्यातल्या एका बाईनं बाजेवर बघितलं. काही विचारलं नाही. तिनं भाकरी खाली ठेवली, कोयता घेतला, आणि दत्तरावांकडं बघून म्हणाली, मालक, ह्यो ऊस कुणाचा?

दत्तराव बाजेखालून म्हणाले, "माझाच हाय. तोड."

आणि मग टोळी उसात शिरली. बाया पुढं, गडी बाजूला, कोयते असे चालायला लागले की आवाजात आवाज मिसळून गेला. ऊस इकडं पडतोय, तिकडं पडतोय, मधून वाट उघडतेय आणि वाटेवरून बाज चाललीय. माणसं कापलेल्या खुंटांवर पाय टाकतायत, पाचट चेहऱ्याला लागतंय, ग्रामसेवकाचा शर्ट बाहीपासून फाटला. बायनाबाई बाजेला धरून पळतेय आणि एकेकाला नावानं हाका मारतेय. दत्तराव, वर. आश्रुबा, खाली घे की रं, तुला बुटका कशाला केलाय देवानं. मधेच प्रियांका कण्हत म्हणाली की आजी, पडंन मी. बायनाबाई म्हणाली, पडत न्हाईस, समद्यांच्या कंबरा माझ्या वळखीच्या हायत.

उसातून बाहेर पडलो तर समोर कॅनॉलचा छोटा पूल, पुलावर सत्यशीला सिस्टर, आणि त्यांच्यामागं पांढरी गाडी. सिस्टरनी लेकराचे ठोके ऐकले, मान हलवली आणि गाडीत घ्यायला सांगितलं. दैवशाला आणि बायनाबाई बरोबर चढल्या. गाडी आवाज करत निघाली, आणि आम्ही सगळे तिथं कॅनॉलच्या भिंतीवर बसलो, घामानं भिजलेले. टोळीतल्या बाईनं कुणाला विचारलं नाही, एक ऊस सोलून कांड्या केल्या आणि प्रत्येकाच्या हातात दिल्या. तसा गोड ऊस मी खाल्ला नाही.

गाडीतलं दैवशालानं नंतर सांगितलं. प्रियांकाला राहून राहून जोर करावासा वाटायचा, आणि सिस्टर सांगत होत्या की करू नको, तोंडानं श्वास सोड. ते तिला जमेना. तेव्हा बायनाबाई तिच्या तोंडापाशी तोंड नेऊन म्हणाली, "चूल इझायलीय समज. फुंकर मार."

प्रियांका रडत म्हणाली, "मी गॅसवर शिकले, मला चूल कुठं येती?"

"मग आज शीक," बायनाबाई म्हणाली, आणि दोघी नांदेडपर्यंत न पेटलेली चूल फुंकत गेल्या.

इकडं घरी काय चाललं होतं ते ऐका आता. वहिनी उंबऱ्यात, मी ओट्यावर, गल्ली सगळी आमच्या अंगणात. फोन वहिनीच्या मांडीवर. तिला कमी ऐकू येतं, पण फोन दुसऱ्याला द्यायची नाही. तेवढ्यात वाजला. जावई बालाजी. तो खबर ऐकून मानवतहून रेल्वेनं नांदेडला निघाला होता आणि गाडी वाटेत कुठंतरी क्रॉसिंगला थांबली होती. तो सांगत होता की क्रॉसिंग होतं, आत्ता सुटली. आमच्याकडं बाळंतीण मोकळी झाली की सुटली असंच म्हणतात. वहिनीनं क्रॉसिंगचं सीझर ऐकलं. सीझर होतं, आत्ता सुटली.

वहिनी उठली ती साखरेचा डबाच घेऊन आली. तिनं माझ्या तोंडात मूठ कोंबली, सरपंचाच्या तोंडात कोंबली, बायांनी एकमेकींना कुंकू लावलं, कुणीतरी ताटली बडवली. तोंड रिकामं झाल्यावर मी विचारलं, वहिनी, पोरगा का पोरगी? तिला माहीत नाही. मी फोन घेऊन परत लावला. पलीकडं बालाजी, आणि मागं रेल्वेचा खडखडाट. मी विचारलं, जावईबापू, काय झालं? तो म्हणाला, काय व्हायलंय, खिडकीत जागा मिळाली.

अंगणात कुणी हसावं का नाही ते कळेना. मला हसू फुटत होतं. पण वहिनीकडं बघितलं आणि माझं हसू थांबलं. डबा हातात, झाकण उघडं, आणि चेहरा पांढरा. घटकाभर तिला पोरगी सुटल्याचा आनंद मिळाला होता आणि तो परत गेला होता. ती खाली बसली. मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊजी, पायाळू नको मला. कापू द्या, चिरू द्या, कसं बी येऊ द्या. माझी पोरगी सुटू द्या."

मग फोन वाजला तो दिवे लागायच्या जरा आधी. ह्या वेळी वहिनीनं तो स्वतःहून माझ्या हातात दिला. दैवशाला होती. ऑपरेशन झालं. मुलगी झाली. प्रियांका शुद्धीवर आली आणि तिनं चहा मागितला. मी मोठ्यानं सांगितलं, पुन्हा सांगितलं, वहिनीच्या कानाशी जाऊन सांगितलं. पण डब्यात साखर कुठं उरली होती? आश्रुबा पळाला आणि दुकानातलं पोतंच पाठीवर टाकून घेऊन आला. एकट्यानं. सगळे त्याच्या कंबरेकडं बघत राहिलो.

प्रियांका घरी आली तेव्हा बारशासारखी गर्दी. आणि तिथंच नवा वाद उभा राहिला. दैवशालाला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पोटातून काढताना लेकराचे पायच आधी बाहेर आले. झालं, गावात दोन पार्ट्या पडल्या. दत्तराव म्हणाले, पाय आधी आले म्हणजे पायाळू, मी वाळा करायला टाकलाय. आश्रुबा म्हणाला, कसली पायाळू, ती दारातून न्हाई आली, खिडकीतून आली. सरपंच म्हणाले, मतदान घेऊ. ग्रामसेवक म्हणाला, कायद्यात पायाळूचं काही लिहिलेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही सगळे वेडे आहात, आणि हळूच आपल्या कंबरेवर हात फिरवला. वहिनी मात्र ह्या वादात पडली नाही. ती लेकराचे दोन्ही पाय दुपट्यात गुंडाळून बसली होती आणि कुणालाच दाखवत नव्हती.

बायनाबाई एका कोपऱ्यात प्रियांकाच्या उशाशी बसलेली. तिच्या हातात पेल्यातला चहा, बिनसाखरेचा. पोरगी लेकराला पाजत होती आणि बायनाबाई नुसती बघत होती. शेवटी मीच म्हणालो, अरे, भांडता कशाला, गावात पायाळू एकच आहे, तिलाच विचारू. सगळे तिच्याकडं वळले. मी विचारलं, "बायनाबाई, तू सांग. ही पोरगी पायाळू धरायची का न्हाई? हिच्या लाथेला गुण येईल का?"

तिनं चहा खाली ठेवला आणि म्हणाली, "दादा, माझ्या लाथेला गुण आला तो माझी आई गेली म्हणून. हिची आई हिला पाजायलीय, बघा की. लाथेत गुण नसंल तर नसू द्या, कंबर धरून आजवर कोन मेलंय?"